चार पॅरिस, सहा दिवस : केंटकी ते टेक्सास

आपल्याकडे कुणी 'पिंपळगाव' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठलं? बसवंत की हरेश्वर? वडगाव असेल तर बुद्रुक की खुर्द? आणि पाकिटावर ता., जि. लिहिल्याशिवाय पत्र पोचायचं नाही. अमेरिकेत हा प्रश्न पॅरिसच्या बाबतीत पडतो. केंटकी, टेनेसी, आर्कान्सा, टेक्सास, इलिनॉय, मिसुरी, मेन, आयडाहो या सगळ्या राज्यांत पॅरिस आहे. एका राज्यात एकाच नावाची दोन टपाल कार्यालयं चालत नसत, पण शेजारच्या राज्यात तेच नाव घ्यायला आडकाठी नव्हती.

यातली पहिली चार गावं नकाशावर ईशान्येकडून नैऋत्येकडे जवळपास एका तिरक्या रेषेत येतात, म्हणून सहा दिवसांत ती नीट होतात. ही चारही गावं आपापल्या काउंटीची मुख्य ठाणी आहेत. आपला जिल्हा, तशी तिकडची काउंटी. बूर्बन काउंटी, हेन्री काउंटी, लोगन काउंटी, लमार काउंटी ही चार नावं पाठच करून ठेवा. रस्ता विचारताना, हॉटेल घेताना आणि वादळाचा इशारा ऐकताना गावाच्या नावापेक्षा तीच कामाला येतात.

निघण्याआधी

नॅव्हिगेशनमध्ये नुसतं पॅरिस कधीच टाकू नका, पिनकोड टाका : केंटकी ४०३६१, टेनेसी ३८२४२, आर्कान्सा ७२८५५, टेक्सास ७५४६०. सगळ्यात जास्त घोळ हॉटेलच्या बुकिंगमध्ये होतो. संकेतस्थळ स्वतःहून नाव पुरं करतं, सगळ्या गावांत त्याच साखळीची तीच हॉटेलं असतात, फोटोही सारखेच दिसतात. पैसे भरण्याआधी राज्य आणि पिनकोड वाचा, आणि आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल असाच दर घ्या.

गाडी सिनसिनाटी विमानतळावर घ्यायची आणि डॅलसला सोडायची. हा विमानतळ नावाने ओहायोतल्या शहराचा असला तरी प्रत्यक्षात केंटकीतच आहे. एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात सोडली की वेगळा आकार पडतो, आणि तो कधीकधी भाड्याइतका होतो. दर बघताना दोन्ही शहरं आधीच भरा, म्हणजे खरा आकडा समोर येतो.

मोसम एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा, नाहीतर ऑक्टोबर. वसंतात या पट्ट्यात चक्रीवादळं (टोर्नेडो) होतात. 'वॉच' म्हणजे वादळ होण्यासारखी हवा आहे, 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलं आहे किंवा रडारवर पकडलं आहे, तेव्हा ताबडतोब पक्क्या इमारतीत तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब जायचं. रेडिओवर आणि टीव्हीवर हे इशारे काउंटीचं नाव घेऊन देतात. आपण कुठल्या काउंटीत आहोत हे ठाऊक नसेल, तर इशारा कानावर पडूनही उपयोग नाही.

निघायचा वार गुरुवार धरा. छोट्या गावांत रविवारी, पुष्कळदा सोमवारीही, संग्रहालयं बंद असतात. खालच्या हिशेबात रविवार डोंगरावर जातो आणि सोमवार रस्त्यावर.

पहिला दिवस, गुरुवार : पॅरिस, केंटकी

विमानतळावरून यूएस २७ या महामार्गाने दक्षिणेला आलं की दीड-पावणेदोन तासांत पॅरिस. वस्ती सुमारे १०,००० ची. गावाचं आधीचं नाव होपवेल होतं, १७९० मध्ये ते पॅरिस झालं. स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने मदत केली त्या कृतज्ञतेतून इथल्या नकाशावर फ्रेंच नावं आली. काउंटीचं नाव तिथल्या राजघराण्याचं, बूर्बन. शेजारची फेयेट काउंटी लाफायेत या फ्रेंच सेनानीच्या नावाची. जवळच व्हर्साय आहे, त्याचा स्थानिक उच्चार मात्र 'व्हर्सेल्स'. व्हर्साय म्हणून रस्ता विचारलात तर समोरच्याला कळणार नाही.

कोर्टाच्या इमारतीपासून मेन स्ट्रीटने चालत निघा. आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १८९१ ची शिनर बिल्डिंग आहे. तीन मजली इमारतींमध्ये जगात सगळ्यात उंच, अशी तिची ख्याती. समोरच्या फुटपाथवरून बघा, मजल्यांची उंची तिथूनच नजरेत भरते. रहदारीच्या सिग्नलला थांबा-जा यांच्या मधली तिसरी स्थिती देऊन १९२३ मध्ये पेटंट घेणारे गॅरेट मॉर्गन याच गावात, क्लेजव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीत, १८७७ साली जन्मले. अशा माणसाचं गाव म्हणून तरी इथं एक संध्याकाळ द्यावी.

उजेड असेपर्यंत पूर्वेला केन रिजला जाऊन या. १७९१ सालचं लाकडी ओंडक्यांचं प्रार्थनागृह तिथं आहे, आणि त्याला ऊन-पाऊस लागू नये म्हणून त्याच्याभोवती दगडाची मोठी इमारत बांधली आहे. घराच्या पोटात घर. १८०१ च्या ऑगस्टमध्ये इथं जे धार्मिक मेळावे झाले, त्यांना हजारो लोक जंगलात तळ ठोकून होते. हिवाळ्यात हे बंद असतं.

दुसरा दिवस, शुक्रवार : घोडे, गडगे आणि यूएस ६८

सकाळची वेळ क्लेबोर्न फार्मला. १९१० पासूनचं हे घोड्यांचं फार्म. सेक्रेटेरिअट या गाजलेल्या शर्यतीच्या घोड्याचं थडगं इथं आहे. १९७३ मध्ये त्याने तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या, त्यातली बेलमाँट घोड्याच्या ३१ लांबींच्या अंतराने, २ मिनिटं २४ सेकंदांत. १९८९ मध्ये खुराच्या दुखण्याने तो गेला. शर्यतीच्या घोड्याला पुरताना रिवाजाने डोकं, काळीज आणि खूर एवढंच पुरतात, सेक्रेटेरिअटला मात्र अख्खा पुरला आहे. थडगं साधं, लहान दगडाचं आहे.

फेरी आधी ऑनलाइन बुक करावीच लागते, दारात जाऊन तिकीट मिळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत घोड्यांचा वीण हंगाम असतो, तेव्हा पाहुण्यांसाठी वेळा कमी आणि ठरावीक. मेच्या पहिल्या शनिवारी लुइव्हिलला डर्बी ही मोठी शर्यत असते, त्या आठवड्यात हॉटेलं महागतात आणि फेऱ्या महिनाभर आधी भरतात. पायात बंद बूट हवेत. वळू घोडे चावतात, मोतद्दाराने सांगितल्याखेरीज हात पुढे करू नका.

तिथून लेक्सिंग्टनकडे जाणारा पॅरिस पाइक हा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या दगडी भिंती. कोकणातला गडगा डोळ्यांपुढे आणा, फक्त जांभ्याऐवजी करडा चुनखडीचा दगड आणि बांधणी जास्त आखीव. चुना नाही, सिमेंट नाही. खाली पाया खोदून मोठे दगड बसवतात. त्यावर दोन समांतर भिंती उचलतात, दोन्ही वर जाताना किंचित आत झुकलेल्या. मधली पोकळी बारीक चिपांनी ठासून भरतात. ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड घालतात, ते दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच उभी चिरते. शेवटी माथ्यावर पातळ दगड उभे, थोडे तिरके लावतात, त्यांच्या वजनाने खालचं सगळं दाबून राहतं. हे काम इथं आयरिश गवंड्यांनी आणलं आणि गुलामीत जखडलेल्या कृष्णवर्णीय कारागिरांनी उचललं. पुढे पिढ्यान् पिढ्या ते त्यांच्याच हातात राहिलं.

या भिंती कशाने पडतात तेही बघण्यासारखं आहे. झाडाची मुळं, बिळं करणारे प्राणी आणि गाड्यांच्या धडका ही कारणं आहेतच. पण जास्त नुकसान चुकीच्या डागडुजीने होतं. फटींत सिमेंट भरलं की पाणी आत कोंडतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाला बाहेर ढकलतं. कोरडी भिंत श्वास घेते, लिंपलेली फुगते. रस्ता चौपदरी करताना त्या उलगडून पुन्हा जुन्याच रीतीने रचल्या, आणि दोन्ही दिशांचे रस्ते झाडांना वळसा घालत वेगवेगळे नेले. हे काम २००३ मध्ये पुरं झालं. गाडी कडेला उभी करायला जागा फार कमी आहे, तेव्हा फाटा दिसला की आत वळून थांबा.

हा पाइक म्हणजेच यूएस ६८. हाच रस्ता केंटकीच्या पश्चिम भागापर्यंत जातो. अख्खा त्याच रस्त्याने गेलात तर वाटेत शेकर पंथीयांचं प्लेझंट हिल लागतं, पण फार्म बघून इतकं चालवणं जमत नाही. ब्लूग्रास पार्कवेने एलिझाबेथटाउन, आय-६५ ने बोलिंग ग्रीन आणि तिथून पुन्हा यूएस ६८ धरणं बरं. पार्कवेवर आता टोल नाही. एलिझाबेथटाउनच्या पुढे काही मैलांवर घड्याळ एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ नाही. रात्रीच्या हॉटेलला वेळ सांगताना हे लक्षात ठेवा.

कडीझच्या (उच्चार 'केडीझ') पुढे दोन मोठ्या तलावांवर दोन पूल आहेत आणि मधे जंगलाची लांबट पट्टी, लँड बिटवीन द लेक्स. अंधार पडायच्या आत ती ओलांडा. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं येतंच. उजेड हातात असेल तर अमेरिकन गवे (बायसन) आणि एल्क ही मोठी हरणं राखलेल्या कुरणात साडेतीन मैलांचा गाडीरस्ता आहे, तिथं काच वर करून हळू चालवा. पुढे मरे हे गाव, मग यूएस ६४१ ने राज्याची सीमा आणि पॅरिस, टेनेसी.

तिसरा दिवस, शनिवार : पॅरिस, टेनेसी आणि लांबचा पल्ला

हे पॅरिस १८२३ चं. वस्ती इथंही सुमारे १०,०००. कोर्टाचा चौक जुना आणि चढावर आहे. आयफेल टॉवरची नक्कल असलेला इथला मनोरा मात्र चौकात नाही, गावाच्या कडेला बागेत आहे, आणि पुष्कळ जण चौकाभोवती फेऱ्या मारत तो शोधत बसतात.

मेम्फिसच्या ख्रिश्चन ब्रदर्स युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तो बांधला. बांधताना डग्लस फर लाकडाचे ५०० तुकडे आणि ६,००० पोलादी सळया लागल्या. १९९३ मध्ये तो इथं उभा राहिला, उंची ६० फूट. त्याच वर्षी टेक्सासच्या पॅरिसने ६५ फुटी उभारला. मग टेनेसीने आपला ७० वर नेला. टेक्सासने काय केलं ते पाचव्या दिवशी दिसेल. चढायला जिना नाही, खालूनच बघायचा.

एप्रिलच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात इथं कॅटफिशची जत्रा भरते, पाच टनांहून जास्त मासा तळला जातो. त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही, मरे किंवा मॅकेन्झीला राहा. मासा मक्याच्या पिठात घोळवून तळतात, सोबत मक्याच्या पिठाचे गोळे, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि कोबी. शाकाहारी मंडळींनी नीट चौकशी करावी. उसळीत डुकराच्या मांसाचा तुकडा बहुधा असतोच, मक्याच्या भाकरीत चरबी असू शकते, आणि तळणीचं तेल माशाचंच. मेक्सिकन हॉटेलातही वाटलेल्या घेवड्यात चरबी आहे का ते विचारा. 'मीट नको' एवढं सांगून भागत नाही, कारण चरबी आणि रस्सा यांना तिथं कुणी मांस समजत नाही. भात, साधा काळा घेवडा, भाजलेले बटाटे आणि बरोबर घेतलेली चटणी-लोणची यावर दोन दिवस निभतात.

दहाच्या आत निघा. यूएस ७९ ने ब्राउन्सव्हिल, तिथून आय-४०. वाटेत मिलान आहे, त्याला 'मायलन' म्हणतात. मेम्फिसला मिसिसिपी ओलांडायची. या पुलाच्या तुळईला तडा गेल्याने २०२१ मध्ये तो मे ते जुलैअखेर बंद होता. पुढे लिटल रॉकपर्यंत सपाट भातशेती आणि ट्रकांची रांग. या पट्ट्यात सांगण्यासारखं थोडं आहे, मात्र पाऊस असेल तर ट्रकांच्या फवाऱ्यात समोरचं काही दिसत नाही, तेव्हा अंतर ठेवा. क्लार्क्सव्हिलला आय-४० सोडून रस्ता १०९ ने आर्कान्सा नदी ओलांडली की संध्याकाळी पॅरिस, आर्कान्सा. थांबे धरून सात तास.

चौथा दिवस, रविवार : पॅरिस, आर्कान्सा आणि मॅगझिनचा डोंगर

चौघांत सगळ्यात लहान, वस्ती ३,००० च्या आसपास. मनोराही लहान, २५ फुटी, आणि जवळ प्रेमी जोडप्यांची कुलपं लावायला जागा. हे कोळशाचं गाव होतं, खाणकामगारांचं स्मारक इथं आहे. जुन्या तुरुंगात काउंटीचं संग्रहालय आहे. आर्कान्सामधली शेवटची कायदेशीर फाशी १९१४ मध्ये इथं दिली गेली. संग्रहालय बघायचं असेल तर रविवारऐवजी शनिवारची वेळ साधावी लागते, म्हणून ज्यांना त्यात रस आहे त्यांनी टेनेसीतून पहाटेच निघावं. लोगन काउंटीला मुख्य ठाणी दोन आहेत, डोंगराच्या उत्तरेला पॅरिस आणि दक्षिणेला बूनव्हिल.

तो डोंगर म्हणजे माउंट मॅगझिन, २,७५३ फूट, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. मॅगझिन हा फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश, मूळ अर्थ कोठार. गावातून रस्ता ३०९ ने १७ मैल. वळणं जोरदार आहेत आणि वर धुकं अचानक उतरतं. वर पेट्रोल नाही, पॅरिसमध्येच टाकी भरा. सिग्नल हिलची पायवाट जाऊन-येऊन दीड मैलाची, शेवटी माथ्यावर स्थानिक दगडांनी जमिनीवर रचलेला आर्कान्साचा मोठा नकाशा आहे. माथा झाडीत आहे, तिथून देखावा दिसत नाही. देखाव्यासाठी दक्षिण कड्यावरच्या लॉजकडे या. पिसवा आणि गोचिडी असतात, लांब पँट मोज्यात खोचा आणि उतरल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा.

परतताना पूर्वेला काही मैलांवर सुबियाको, १८७८ चा बेनेडिक्टाइन मठ. इथले भिक्षू हबानेरो मिरची लावतात आणि तिचा सॉस बाटलीत भरून विकतात. आपल्या जिभेलाही तो तिखट लागेल. दोन बाटल्या घ्या, पण विमानात हातातल्या बॅगेत त्या जाणार नाहीत.

पाचवा दिवस, सोमवार : यूएस २७१ ने टेक्सास

पॅरिसहून रस्ता २२ ने पश्चिमेला फोर्ट स्मिथ, आणि तिथून एकच आकडा धरायचा : २७१. हा एकच रस्ता थेट टेक्सासच्या पॅरिसमध्ये नेतो. एकूण २०० मैलांच्या आतबाहेर, थांबे धरून पाच-साडेपाच तास.

ओक्लाहोमा राज्यातल्या पोटो (लिहिताना शेवटी फ्रेंच अक्षरं, बोलताना 'पोटो') गावाजवळ कॅव्हनल टेकडी आहे. उंची १,९९९ फूट म्हणून तिला जगातली सर्वांत उंच टेकडी म्हणतात, कारण २,००० झाले की डोंगर. पुढे टॅलिहायना, मग टस्काहोमाजवळ चोक्टॉ या मूळनिवासी राष्ट्राच्या राजधानीची १८८४ ची विटांची इमारत. मिसिसिपीतून इकडे हाकललेल्या लोकांनी पुन्हा उभारलेला कारभार या इमारतीतून चालला. अर्धा तास राखून ठेवाच.

इथं तीन गोष्टी चुकतात. मोबाइलची रेंज मधे मधे जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. गावं आली की वेगमर्यादा ६५ वरून झपकन ३५ वर येते, आणि पाटीपाशीच पोलीस उभा असतो, पाटी दिसताच पाय उचला. तिसरं, अँटलर्सच्या पुढे नॅव्हिगेशन शेजारच्या इंडियन नेशन टर्नपाइकवर चढवतं. तिथं रोख टोल नाही, नंबरपाटीचा फोटो निघतो आणि भाड्याची गाडी असेल तर टोलवर कंपनीचा वेगळा आकार लागतो. 'टोल टाळा' चालू ठेवा आणि २७१ सोडू नका.

ह्यूगो हे गाव व्हिक्टर ह्यूगोच्या नावाचं. पॅरिसच्या वेशीवर ह्यूगो, हे जुळलं छान. सर्कशींचं हिवाळी मुक्कामाचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. माउंट ऑलिव्हेट स्मशानभूमीत सर्कसवाल्यांचा स्वतंत्र भाग आहे, तिथं हत्ती, तंबू आणि चाकं कोरलेली थडगी आहेत. मग लाल गाळाची रेड नदी, आणि पलीकडे टेक्सास.

संध्याकाळी थेट मनोऱ्याकडे जा. तो लव्ह सिव्हिक सेंटरच्या आवारात, गावाच्या दक्षिण अंगाला आहे. बॉयलर बनवणाऱ्या कामगारांच्या स्थानिक संघटनेने १९९३ मध्ये ६५ फूट उंचीचा लोखंडी मनोरा उभा केला. टेनेसीचा ७० फुटांवर गेल्यावर १९९८ मध्ये माथ्यावर लाल काउबॉय टोपी चढवली, तिरकी. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहिलं तर टोपीची फक्त खालची कड दिसते, पुरी टोपी टिपायला पार्किंगच्या दूरच्या टोकापर्यंत मागे या. शेजारीच युद्धस्मारक आहे, तिथं आवाज खाली ठेवा.

सहावा दिवस, मंगळवार : पॅरिस, टेक्सास

वस्ती २४,००० च्या वर, चौघांत सगळ्यात मोठं. चौकात उभं राहून वर बघा, सगळ्या इमारती एकाच वयाच्या वाटतात. २१ मार्च १९१६ ला लागलेल्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला, जवळजवळ १,४०० इमारती गेल्या. आज दिसतं ते त्यानंतर एका दमात बांधलेलं गाव. चौकातलं संगमरवरी कल्बर्टसन कारंजं १९२७ चं.

याच गावात १ फेब्रुवारी १८९३ ला हेन्री स्मिथ या कृष्णवर्णीय तरुणाला खटला न चालवता हजारोंच्या जमावापुढे छळ करून जाळण्यात आलं. बाहेरगावची माणसं खास आगगाड्यांनी बघायला आली होती. टोपीवाल्या मनोऱ्याचा फोटो घेणाऱ्याने हेही वाचून यावं, गाव दोन्हींचं आहे.

एव्हरग्रीन स्मशानभूमीत बॅबकॉक कुटुंबाचं उंच स्मारक आहे. क्रुसाला टेकलेल्या मूर्तीच्या झग्याखालून काउबॉय बूट डोकावतो. आवार फार मोठं आहे, गाडी आत नेता येते, दारावरचा नकाशा बघूनच पुढे जा.

डॅलस इथून शंभरेक मैल. प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंगकडे मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांना हे एक पॅरिस एका दिवसात जाऊन-येऊन होतं. परतायला यूएस ८२ ने शर्मन आणि तिथून यूएस ७५, टोलविना. डॅलसच्या जवळ मात्र विमानतळाकडचे जलद रस्ते टोलचेच, आणि तिथंही रोख चालत नाही. दुपारी चारनंतर ७५ वर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, म्हणून विमान संध्याकाळचं असेल तर पॅरिस अकराच्या आत सोडा. गाडी परत करताना टाकी भरलेली हवी, पेट्रोल विमानतळाच्या दहा मैल आधी घ्या, आणि पावती नीट जपून ठेवा. टोलचं बिल महिनाभरानेही येतं.